बॉनेटवरचा हात

गॅरेजवाल्याची आठवण लोकांना दोनदाच येते. गाडी बंद पडल्यावर आणि बिल हातात पडल्यावर. त्यामुळे दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी मला सोसायटीच्या लिफ्टमध्ये गाठून ‘काका, तुमचे अनुभव लिहा ना’ म्हटलं, तेव्हा मला वाटलं त्यांची स्कूटर बिघडली असेल. पण त्या खरंच लेख मागत होत्या. वर अटही घातली, स्पेअर पार्टची यादी नको. तीस वर्षं पाना धरलेल्या हातात पेन द्यायचं आणि वर अटी घालायच्या. बरं, लिहितो.

माझा सगळा इतिहास सांगत बसत नाही. दादरला शिकलो, भाईंदर पूर्वेला केबिन रोडपासून दोन गल्ल्या आत गॅरेज टाकलं, म्हातारा झालो, गॅरेज गेलं. आता तिथे इमारत आहे. तिच्या पार्किंगमधल्या गाड्यांचं बॉनेट उघडलं तर आत नुसतं प्लॅस्टिकचं झाकण दिसतं. त्यांचा बिघाड शोधायला लॅपटॉप लावतात म्हणे. लावोत बापडे. मी एका जुन्या गाडीबद्दल सांगणार आहे. ती विकायला माझ्याकडे होती आणि तिच्यापायी माझी चांगलीच खरडपट्टी निघाली. ती निघायलाच हवी होती.

आधी आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. जुनी गाडी विकायची असली की गिऱ्हाईक यायच्या अर्धा तास आधी ती चालू करून गरम करायची आणि बंद करून ठेवायची. कारण इंजिनाचे रोग थंडपणी दिसतात. गार इंजिन चालू करताना ते खोकतं, धूर टाकतं, आतले टॅपेट टकटक वाजतात. एकदा तेल सगळीकडे फिरलं आणि लोखंड तापलं की सगळं शांत होतं. मग गिऱ्हाईक येतो, चावी फिरवतो, गाडी एका झटक्यात सुरू. गिऱ्हाईक खूष, मालक खूष. शंभरातल्या नव्याण्णवांना हे ठाऊक नसतं. शंभरावा माणूस आधी बॉनेटवर हात ठेवून बघतो.

हे सगळेच करायचे, मीही करायचो. यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलंच नाही. मुलगी बघायला पाहुणे येणार असले की घर आवरतात, तसं.

आता गाडीकडे येतो. दोन हजार सालानंतर पाच-सहा वर्षांनी, पावसाळा नुकताच संपला होता, तेव्हा जवळच्या समुद्रकाठच्या उत्तनहून एक बाई आणि तिचा मुलगा गॅरेजवर आले. बाईचं नाव रेजिना. साठीची, काटक, हातात पिशवी, आणि नजर अशी की आपण आपोआप शर्टाचं बटण लावतो. मुलगा नेल्सन, पंचविशीचा, आईच्या अर्ध्या पावलाने मागे. ती कोळीण, मासे विकणारी. नवरा पास्कल तीन वर्षांपूर्वी गेला होता. त्याची गाडी अंगणात ताडपत्रीखाली पडून होती, ती बघायला येशील का, असं विचारत होती. मी विचारलं, कुठली गाडी? नेल्सन म्हणाला, जीप. मी मनात म्हटलं, भंगारवाल्याचा पत्ता देऊन टाकू.

उत्तनला गेलो आणि ताडपत्री उचलली तर ती जीप नव्हतीच. जीप अमेरिकेची. ही विलायतेत बनलेली, इंग्रजी फौजेची, लढाईच्या काळातली. जीपपेक्षा मोठी, अंगाने भरलेली, सहा सिलेंडरचं इंजिन आणि चारही चाकांना ताकद देणारी. साधी गाडी दोन चाकांनी चालते, बाकीची दोन नुसती गडगडत मागून येतात. हिची चारही चाकं राबतात, म्हणून वाळूत, चिखलात ही अडकत नाही. लढाई संपल्यावर इंग्रजांनी असल्या गाड्या लिलावात काढल्या, तेव्हा पास्कलच्या बापाने ही कल्याणहून घेतली होती. मग बापाने आणि पोराने तिच्याकडून बोटी ओढवल्या, बर्फ वाहवला, मासळी बाजारात नेली. आणि रविवारी धुऊन तिच्यातूनच नवरानवरीला चर्चमध्ये नेलं. उत्तनमधली निम्मी लग्नं या गाडीत बसून झाली, असं रेजिनाबाय म्हणाली. वास बघता ते खरं असावं.

त्यांचा बेत साधा होता. नेल्सनला समुद्र सोडायचा नव्हता. बापाची बोट होती, पण तिचं इंजिन संपलं होतं. दुसऱ्याच्या बोटीवर मजुरी करून त्याला कंटाळा आला होता. केबिन रोडच्या एका एजंटाने त्याला आखातात जहाजावर नोकरी लावायचं कबूल केलं होतं, कागद तयार होत होते. रेजिनाबायचं म्हणणं असं, की ही गाडी नीट करून विकली तर बोटीला नवीन इंजिन बसेल आणि पोरगा घरी राहील. पावसाळ्यात बोटी वर घेतात, तेव्हाच इंजिन बदलायचं काम होतं. म्हणजे पुढच्या पावसाळ्याआधी गाडी विकली जायला हवी होती. नाहीतर नेल्सन जाणार. तिचा थोरला मुलगा असाच आखातात गेला होता. तो दर नाताळाला फोन करायचा. एवढंच.

मी म्हटलं, करतो. खरं सांगायचं तर तिच्या मुलाचा विचार तेव्हा माझ्या डोक्यात नव्हता. ती गाडी बघूनच मी लट्टू झालो होतो.

गाडी टो करून भाईंदरला आणली आणि पहिल्याच दिवशी तिने आम्हाला शिकवलं. माझ्याकडे सलीम नावाचा जुना कारागीर होता, हात लोखंडाचा. तो डाव्या बाजूचं पुढचं चाक काढायला बसला. नट सुटेना. सलीमने पान्याला पाइप लावला, पाइपवर उभा राहिला, आणि कट्कन आवाज होऊन बोल्टच तुटला. दुसराही तसाच. मग माझी ट्यूब पेटली. इंग्रजांच्या त्या जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात, चाक फिरून फिरून नट सैल होऊ नये म्हणून. आपण जगभर ज्या दिशेने सोडवतो, त्या दिशेने तिथे आवळलं जातं. सलीम अर्धा तास नट आवळत होता. तो म्हणाला, ‘उस्ताद, ये अंग्रेज गया नहीं है अभी तक.’

पानेही तिला आपले चालत नव्हते. आपले पाने मिलिमीटरचे, त्याआधी इंचाचे, आणि हिचा हिशेब त्या इंचाहूनही वेगळा, जुन्या विलायती मापाचा. जुन्या बाजारात तीन रविवार फिरून मी तो सेट मिळवला. ब्रेकचं सामान मिळणारच नव्हतं, ते लेथवर कातून घेतलं. तळाच्या फळ्या कुजल्या होत्या, त्या उत्तनच्याच बोटी बांधणाऱ्या सुताराने बसवल्या, फुकट. कारण त्याची वरात त्याच गाडीतून गेली होती. रंग खरवडताना वर निळा, खाली पिवळा, त्याखाली पांढरा, असे थरावर थर निघाले. सगळ्यात खाली मळकट हिरवा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत पलटणीचा नंबर. तो नंबर दिसला त्या दिवशी आम्ही काम थांबवून चहा प्यायलो. नेल्सनला गाडी चकचकीत लाल हवी होती. मी म्हटलं, मग माझ्याकडून नेऊन टाक. मळकट हिरवाच दिला आणि तो नंबर होता तसा पुन्हा लिहिला. मला राग लवकर येतो, पण त्या बाबतीत मी बरोबर होतो.

नाताळ झाल्यावर गाडी उभी राहिली. चालवून बघायला घोडबंदरच्या रस्त्यावर नेली तर बसमधली माणसं खिडक्यांतून माना बाहेर काढून बघत होती. खोटं कशाला सांगू, छाती फुगली होती. इंजिन अस्सल, मी स्वतः उघडून प्रत्येक भाग हाताने लावलेला. गार असताना टॅपेट जरा वाजायचे, दोन मिनिटं निळसर धूर यायचा. त्या जातीच्या इंजिनात तो रोग नाही, तो स्वभाव आहे. मग सगळं शांत.

पेपरात छोटी जाहिरात दिली आणि नमुने यायला लागले. पहिला एक बिल्डर. गाडी न बघताच म्हणाला, इंजिन काढून टाकलं तर किती कमी कराल? त्याला ती नव्या कॉम्प्लेक्सच्या गेटवर ठेवायची होती, बाजूला कारंजं. दुसरा शूटिंगला गाड्या पुरवणारा. तो गाडीवर खूष होता, पण बोलता बोलता सांगून गेला की शेवटच्या सीनमध्ये ती दरीत जाणार आहे. त्याला सलीमने बाहेरचा रस्ता दाखवला. तिसरा बँडवाला. त्याला ती पांढरी रंगवून नवरदेवासाठी हवी होती, वर चांदीची छत्री लावून. यातल्या कुणीही इंजिनाकडे ढुंकून बघितलं नाही. मी मात्र तिघांच्याही आधी अर्धा तास गाडी गरम करून ठेवली होती.

रेजिनाबाय दर आठवड्याला नेल्सनच्या मोबाइलवरून फोन करायची. काय झालं, एवढंच विचारायची. मी या मंडळींचे किस्से सांगायचो. ती हसायची नाही. म्हणायची, पावसाला येल हाय अजून. तिकडे एजंट नेल्सनकडे पासपोर्ट मागत होता.

मग फेब्रुवारीत सुभेदारांचा फोन आला. फौजेतून निवृत्त, इंजिनांच्या खात्यातले, मूळचे साताऱ्याकडचे. घोडबंदर गावात एक खोली घेऊन राहायचे आणि तिथल्या एका टॉवरवर सिक्युरिटीचे सुपरवायझर होते. फोनवरच त्यांनी विचारलं, डाव्या चाकांचे नट कुठल्या बाजूला सुटतात? मी सांगितलं. ते म्हणाले, उद्या दहाला येतो. फोन ठेवल्यावर मी सलीमला म्हटलं, आला रे आपला माणूस.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला मी गॅरेज उघडलं, अगरबत्ती लावली, आणि गाडी चालू केली. विचार केला असता तर हात थांबला असता. पण हात थांबला नाही. इतक्या वर्षांची सवय. पंधरा मिनिटं चालवली, बंद केली, वर फडका मारला.

दहाला सुभेदार आले. उंच, पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा शर्ट. आल्या आल्या गाडीभोवती एक चक्कर मारली. वाकून खालचं लोखंड बघितलं, पलटणीचा नंबर वाचला आणि त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, अठराव्या वर्षी भरती झाल्यावर ट्रेनिंगला ते असल्याच गाडीवर शिकले होते. उस्ताद डोळ्यांवर पट्टी बांधून इंजिन खोलायला लावायचा. आता गावी परत जायचं होतं आणि जाताना अशी एक गाडी न्यायची होती. गावात कुणी शिकायला आलं तर शिकवणार होते. असं पंधरा-वीस मिनिटं ते बोलत होते आणि मी मनातल्या मनात रेजिनाबायला फोन लावत होतो.

मग बोलता बोलता त्यांनी बॉनेटवर हात ठेवला.

ठेवला आणि तसाच राहू दिला. बोलणं थांबलं. मला कळलं की त्यांना कळलंय. ते म्हणाले, ‘गरम करून ठेवलीत.’ मी म्हटलं, छे हो, जागा करायला सकाळी जरा पुढेमागे केली होती. हे वाक्य तोंडातून निघताच मला स्वतःचा राग आला. अहो, ती दोन फूट पुढेमागे केल्याची ऊब नव्हती, आणि हे फौजेच्या मिस्त्रीला मी सांगत होतो.

सुभेदारांनी हात काढला. रुमालाने पुसला. ‘थंड इंजिन दाखवायला ज्याला भीती वाटते, त्याची गाडी मी घेत नाही,’ म्हणाले आणि सरळ बाहेर पडले. मी गल्लीच्या तोंडापर्यंत मागे गेलो. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. परत आलो तर सलीम पाने पुसत बसला होता.

दुपारी रेजिनाबायचा फोन आला. काय झालं? आता इथे मी दुसरा आणि खरा गुन्हा केला. मी सांगितलं, नाही पसंत पडली बाय त्यांना, जुनी आहे म्हणाले. ती म्हणाली, ‘माझ्या मालकान तिला कवा जुनी म्हटली न्हाय.’ आणि फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात नेल्सन स्वतः आला, माझ्यासाठी सुके बोंबील घेऊन. म्हणाला, मम्मी म्हणते आता गाडीचा नाद सोडू. एजंटला पासपोर्ट दिला. मेमध्ये जायचंय. मग तो गाडीत जाऊन बसला, स्टिअरिंग धरून, खूप वेळ. मी समोर एका टॅक्सीचा क्लच लावत होतो. तो लावला आणि उलटा लागला, पुन्हा काढावा लागला. बाई गाडीला दोष देत होती, पोरगा नशिबाला देत होता, आणि ज्याचा दोष तो बोंबील घेऊन घरी गेला. बायकोने ते तळले. मी ताट बाजूला सारलं. तिने विचारलं तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला काय सांगताय? त्यांना जाऊन सांगा. आमच्या घरात निकाल असे लागतात.

पण ताबडतोब जायचं धैर्य झालं नाही. मार्च गेला. एप्रिलमध्ये एका रविवारी स्कूटर काढली आणि आधी घोडबंदरला गेलो, कारण तिथे जाणं त्यातल्या त्यात सोपं होतं. सुभेदार खोलीत युनिफॉर्मला इस्त्री करत होते. मला बघून ‘या’ म्हणाले, पण इस्त्री थांबवली नाही. मी उभ्याउभ्याच सांगितलं. गाडी मी गरम केली होती. इंजिनात काही खोट नाही. गार असताना टॅपेट वाजतात, धूर येतो, तेवढंच. पण सवयीने केली. ते एकूण एक शिवणीवरून इस्त्री फिरवत होते. शेवटी म्हणाले, ‘गाडी खोटी नव्हती, मिस्त्री. ते मला तिथेच दिसलं होतं. खोटे तुम्ही होता.’

मी म्हटलं, खरं आहे. ते म्हणाले, ‘मालकिणीला सांगितलंत हे?’ मी म्हटलं, नाही. त्यांनी इस्त्री उभी केली आणि माझ्याकडे बघितलं. ‘मग मला कशाला सांगता? नुकसान तिचं झालंय.’

त्यांनी गाडी घेईन असं कबूल केलं नाही. एवढंच म्हणाले, की गाडी मालकिणीच्या दारात उभी करा, हात लावू नका, मला वाटलं तर मी येईन. पत्ता लिहून घेतला, पण कधी येणार ते सांगणार नाही म्हणाले. दाराशी आलो तेव्हा त्यांनी विचारलं, पाणी प्यायलात का? मी म्हटलं, नाही. मग पाणी दिलं. बरं वाटलं.

तिथून उत्तन. दुपारची वेळ, बांबूंवर मासळी वाळत होती. रेजिनाबाय ओट्यावर सुक्या जवळ्यातला कचरा निवडत बसली होती. मला बघून तिने पाट सरकवला. मी पाटावर बसलो आणि सुरुवात कुठून करावी ते कळेना, म्हणून एकदम शेवटच सांगितला. म्हटलं, बाय, गाडी जुनी आहे असं कुणी म्हटलं नव्हतं. मी खोटं सांगितलं. आणि मग मागचं सगळं. नेल्सन दारात उभा होता, त्यानेही ऐकलं. त्याचे कान लाल झाले. तो काहीतरी बोलणार होता, तिने हातानेच थांबवलं.

ती बराच वेळ निवडत राहिली. मला वाटलं, आता शिव्या येणार. उत्तनच्या कोळणीच्या शिव्या मी बाजारात ऐकल्या आहेत, त्या पत्करल्या असत्या. पण ती हळूच बोलली.

‘मिस्त्री, मी चालीस वर्सं मासली इकते. गिराइकान इचारायच्या आदी मी कल्ला उघडून दावते. लाल हाय तर ताजी, न्हाय तर न्हाय. मंग भाव सांगते.’ तिने सूप खाली ठेवलं. ‘तुझ्या धंद्यान असा करीत न्हाय का?’

मी म्हटलं, नाही बाय. करत नाही.

‘मंग गारी उद्या हितं आनून ठेव. मी इकते.’

एवढंच. चहा दिला, मी तो प्यायलो, निघालो. मला रडू येत होतं आणि स्कूटर चालवताना रडणं बरं नव्हे, म्हणून थोडा वेळ रस्त्याच्या कडेला थांबलो.

दुसऱ्या दिवशी गाडी उत्तनला पोचवली. तिच्या अंगणात माडाखाली उभी केली आणि चावी तिच्या हातात दिली. तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी सकाळी सातला नेल्सनचा फोन आला. म्हातारा आलाय, पहिल्या बसने, मम्मी म्हणते मिस्त्रीला बोलव, तो येईपर्यंत गारीला हात लावायचा नाही. मी तोंड न धुताच निघालो.

पोचलो तर सुभेदार ओट्यावर बसून चहा पीत होते. रेजिनाबायने मला अंगणाच्या कडेला उभं केलं आणि म्हणाली, तू बोलू नको. मग ती त्यांना गाडीपाशी घेऊन गेली आणि त्यांनी काही बघायच्या आधीच सांगायला लागली. डावा दरवाजा पावसात फुगतो, लाथ घालायला लागते. तिसरा गिअर पहिल्यांदा बसत नाही, दुसऱ्यांदा बसतो. मागच्या फळ्यांना मासळीचा वास आहे, मिस्त्रीने कितीही धुतल्या तरी तो जाणार नाही. पुढचा दिवा एकदा चर्चच्या भिंतीला लागला होता, लग्नाच्या दिवशी, पास्कल प्यायलेला होता. चढावर पेट्रोल पिते, फार पिते. आणि गार असली की ओरडते, दोन मिनिटं. मी कडेला उभा राहून घामाघूम होत होतो. मला वाटत होतं, बाई, पुरे आता, एवढं कोण सांगतं! यातल्या दोन गोष्टी तर मलाही ठाऊक नव्हत्या.

सुभेदारांनी मान डोलवत सगळं ऐकलं. मग बॉनेटवर हात ठेवला. दव पडून गार झालेलं होतं. त्यांनी स्वतः इंजिन फिरवायचं लोखंडी हँडल घेतलं, समोर लावलं आणि फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. गाडी खोकली आणि गप्प झाली. नेल्सन पुढे सरकला, त्यांनी त्याला थांबवलं. तिसऱ्यांदा फिरवलं आणि गाडी उठली. टॅपेट असे वाजायला लागले की शेजारची माणसं दारात आली. निळा धूर अंगणभर पसरला. रेजिनाबाय त्या धुरात कंबरेवर हात ठेवून उभी होती. मी डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले तेव्हा सुभेदार इंजिनाकडे कान करून ऐकत होते आणि हसत होते. म्हणाले, असंच वाजायचं. ट्रेनिंगला रोज पहाटे ओळीने वीस गाड्या अशाच वाजायच्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, धुराचंही असेल. दोन मिनिटांनी आवाज बसला आणि गाडी नुसती श्वास घ्यायला लागली. त्यांनी किंमत विचारली. रेजिनाबायने सांगितली. मी जाहिरातीत टाकली होती त्याहून थोडी कमी होती, सांगितलेल्या उणिवा वजा करून. सुभेदारांनी घासाघीस केली नाही. नुसतं ‘ठीक’ म्हणाले.

पुढचं सगळं रीतसर झालं. कागद झाले, गाडी साताऱ्याकडे गेली, मधूनमधून सुभेदारांचं पत्र येतं. नेल्सनच्या बोटीला त्या पावसाळ्यात नवीन इंजिन बसलं, आता त्याची दुसरी बोटही आहे. आणि मी गॅरेज होतं तोवर एकही गाडी आधी गरम करून विकली नाही. त्यापायी काही गिऱ्हाइकं गेली. जाऊ देत.

पण त्या सकाळचं एक सांगायचं राहिलं. व्यवहार ठरल्यावर मी रेजिनाबायला म्हटलं, आता आधी केबिन रोडला जाऊन एजंटाकडून नेल्सनचा पासपोर्ट परत घ्या, उशीर नको. ती आत गेली आणि फडक्यात गुंडाळलेला पासपोर्ट आणून माझ्यासमोर धरला. मी कबुली देऊन गेलो, त्याच संध्याकाळी ती बसने भाईंदरला गेली होती, एजंटाशी भांडून तो घेऊन आली होती. माझ्या गॅरेजपासून दोन गल्ल्यांवर येऊन, माझ्याकडे न डोकावता परत गेली होती. तेव्हा गाडीला गिऱ्हाईक नव्हतं. सुभेदार येतील की नाही, हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

मी म्हटलं, बाय, आणि गाडी विकली गेली नसती तर?

तिला माझा प्रश्नच कळला नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, ‘गारीन खोट नवती ना? मंग इकली जानारच व्हती.’